अकरा वह्या आणि नव्वद हजारांचा प्रस्ताव

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतरांनाही कळेल. विजयदुर्गच्या खाडीकाठच्या गावांत आपण ग्रामीण डाक सेवक म्हणून पंचेचाळीस वर्षे टपाल वाटले आणि पासष्टाव्या वर्षी निवृत्त झालात. गिरणी संपाच्या काळात मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या तेव्हा गावात काय घडले, यावर सहा वर्षे खपून आपण एक कादंबरी लिहिली असून ती अकरा फुलस्केप वह्यांत आहे. पुस्तके काढून देणाऱ्या एका संस्थेने तीनशे प्रतींसाठी नव्वद हजार रुपयांचा प्रस्ताव दिला आहे. त्यात आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), ऑनलाइन विक्री, प्रकाशन समारंभ आणि सन्मानपत्र असे सगळे धरलेले आहे. या वयात हा उद्योग करावा का, प्रस्ताव स्वीकारावा का, आणि न स्वीकारल्यास पुस्तक कसे काढावे, असे आपण विचारता. सोबत पहिली वीस पानेही पाठवली आहेत, ती मी दोनदा वाचली.

माझे सांगायचे तर पस्तीस वर्षे मी छापखान्यांत मुद्रितशोधनाचे आणि पुढे संपादनाचे काम केले. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःची पहिली कादंबरी लिहिली आणि स्वतःच छापली. त्यात केलेल्या चुका पुढे ओघाने येतीलच. उतारवयात प्रथमच लिहू लागलेल्या बऱ्याच जणांची हस्तलिखिते माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडेही सांगण्यासारखे काही नव्हते असे झाले नाही, आणि बैठकीची सवयही बहुतेकांना होती. अडचण एकच असे, ती घाईची. डोळे शाबूत आहेत तोवर पुस्तक हातात यावे, असे प्रत्येकाला वाटते. ती घाई मला समजते, पण आपल्यापुढे आलेला प्रस्ताव नेमकी तीच घाई ओळखून केलेला आहे. म्हणून क्रमाने लेखनाचे आधी यायला हवे होते तरी मी पैशांचे आधी बोलते, कारण आगाऊ रक्कम महिनाअखेरपर्यंत मागितली आहे असे आपण लिहिता.

तीनशे प्रतींना नव्वद हजार म्हणजे एक प्रत आपल्याला तीनशे रुपयांना पडली. पुस्तकाची छापील किंमत त्यांनी साडेतीनशे सुचवली आहे. दुकानदार आणि वितरक मिळून चाळीस ते पन्नास टक्के सूट मागतात, तेव्हा दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे आपल्या हाती एकशे पंचाहत्तर ते दोनशे दहा रुपये येतील, म्हणजे प्रत्येक विक्रीत नव्वद ते सव्वाशे रुपयांची खोट बसेल. सगळ्या प्रती आपण पिशवीत घालून स्वतः विकाल असे धरले, तरी पाहुणे, शाळा, वाचनालये आणि जुने सहकारी यांना पन्नास प्रती भेट जाणारच. उरलेल्या अडीचशे पूर्ण किमतीला विकून सत्त्याऐंशी हजार पाचशे होतात. सगळे काही मनासारखे घडूनही मुद्दल निघत नाही, असा हा हिशेब आहे. ग्रामीण डाक सेवकाला नियमित पेन्शन नसते, हे मी आपल्याला सांगायला नको. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून हे पैसे जाणार असतील, तर माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

अशा सगळ्याच संस्था फसव्या असतात असे मात्र मी म्हणणार नाही. लेखकाकडून पैसे घेऊन चांगले संपादन आणि नेटकी छपाई करून देणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना ओळखण्याची खूण सोपी आहे. अक्षरजुळणी, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई आणि बांधणी यांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत. जो प्रामाणिक असतो तो ते देतो, आणि संपादन कोण करणार, हस्तलिखित किती वेळा वाचले जाणार, हेही सांगतो. आपल्या प्रस्तावात ‘संपादन’ हा शब्दच नाही, सन्मानपत्र मात्र आहे.

आयएसबीएनसाठी त्यांनी त्या नव्वद हजारांत वेगळी रक्कम धरली आहे, म्हणून सांगते. हा तेरा अंकी क्रमांक आपल्याकडे केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, आणि त्याला शुल्क नाही. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही ऑनलाइन अर्ज करता येतो. क्रमांक कोणाच्या नावावर घेतला जातो याला महत्त्व आहे, कारण ग्रंथव्यवहाराच्या नोंदीत तोच प्रकाशक ठरतो. क्रमांक प्रस्ताव देणाऱ्यांच्या नावावर असला, तर पैसे आपले आणि प्रकाशक ते, अशी स्थिती होते.

आपण पाठवलेल्या त्यांच्या करारातले सातवे कलम मी वाचले: ‘लेखक सदर साहित्यकृतीचे सर्व हक्क संस्थेस कायमस्वरूपी प्रदान करीत आहे.’ त्याखाली सही करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण कादंबरी वहीत लिहिली त्या क्षणापासून तिचा हक्क आपला आहे. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ती सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, आणि लेखात मुदत नमूद नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द तिथे उगाच आलेला नाही, त्या पाच वर्षांच्या तरतुदीला बगल देण्यासाठी तो घातला जातो. आपल्या वयात आणि माझ्याही वयात आणखी एक गोष्ट करावी. मृत्युपत्रात घर, आंब्याची कलमे आणि बँकेतल्या पैशांबरोबर पुस्तकाच्या हक्काची एक ओळ घालावी. तशी ओळ नसली, तर वारसांपैकी सही कोणाची घ्यायची यावरच पुढची आवृत्ती अडून बसते.

आता हस्तलिखिताकडे वळते, कारण खरे काम तिथे आहे.

आपल्या पहिल्या प्रकरणात असे वाक्य आहे: ‘संपाच्या काळात कोकणातील जनतेचे अतोनात हाल झाले व घराघरांतील चुली विझल्या.’ वाक्य खोटे नाही, पण ते आपल्याशिवाय कोणीही लिहू शकले असते. आता याच पाकिटात आपण मला लिहिलेल्या पत्राचा एक भाग पाहा. खालच्या वाडीतली एक म्हातारी दर महिन्याच्या सात तारखेपासून दहा तारखेपर्यंत पायरीवर बसून राहायची. संप सुरू झाल्यावर दोन महिन्यांनीही ती बसायची आणि विचारायची, “आज काय नाय मां?” तिसऱ्या महिन्यात आपण तिच्या दारावरून जाणे टाळू लागलात आणि शेताच्या बांधावरून वळसा घालून पुढच्या घरी जाऊ लागलात. त्या वळशाने वीस मिनिटे जास्त लागत. हे आपण पत्रात सहज म्हणून लिहिले आहे, कादंबरीत ते कुठेच नाही. कादंबरी इथे आहे. टपाल पोहोचवणे हे ज्याचे काम, तो माणूस एका दारासमोरून जायला घाबरतो आणि वाट बदलतो, एवढ्यावर पहिले प्रकरण उभे राहते. ‘जनतेचे हाल’ हे शब्द न लिहिताही वाचकाला ते कळतील.

अनुभवी माणसाच्या पहिल्या कादंबरीत हे हमखास घडते. आयुष्यभर जे पाहिले ते त्याला इतके परिचयाचे असते की त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. मग तो छापील वाटेल अशी भाषा शोधत जातो आणि वृत्तपत्राच्या अग्रलेखासारखे लिहू लागतो. अकराही वह्या पुन्हा वाचताना एक खूण करावी. जिथे ‘जनता’, ‘समाज’, ‘परिस्थिती’, ‘काळाचा महिमा’ असे शब्द आले असतील, तिथे समासात फुली मारावी आणि त्या फुलीच्या जागी त्या दिवशी, त्या घरी, कोण काय करत होते ते लिहावे. आठवत नसेल तर ती ओळ काढून टाकावी. या एका कामाला चार महिने लागतील आणि मजकूर बराच कमी होईल. आपल्या अक्षराचा अंदाज घेता वह्यांत ऐंशी हजार शब्द असावेत. ते साठ हजारांवर आले तर कादंबरी वाचनीय होईल आणि छपाईचा खर्चही उतरेल.

दुसरी उणीव थोडी नाजूक आहे. पोस्टमनला प्रत्येक घराचा उंबरठा माहीत असतो, उंबरठ्याच्या आतले माहीत नसते. आमच्याही घरी वडिलांची मनीऑर्डर येत असे. पोस्टमन गेल्यावर आई नोटा मोजत नसे, आधी फॉर्मच्या तळाशी वडिलांनी लिहिलेल्या दोन ओळी वाचून घेई, आणि तो कागद देवघरातल्या पोथीत ठेवी. दुकानदाराची उधारी, शाळेची फी आणि भात लावणीची मजुरी यांतले आधी काय द्यायचे, हे त्यानंतर ठरे. आपल्या वीस पानांत बायका आहेत, पण त्या दारातच उभ्या आहेत. त्या काळच्या ज्या बायका आज हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन बसा. त्यांना कादंबरीबद्दल काही विचारू नका, फक्त त्या वर्षी चतुर्थी कशी केली एवढे विचारा आणि ऐका.

इथेच एक सावधगिरी सांगायला हवी. आपण लोकांची पत्रे वाचून दाखवलीत, उत्तरे लिहून दिलीत. कोणाचा मुलगा मुंबईत दुसरे घर करून राहिला, कोणी पैसे बुडवले, हे आपल्याला विश्वासाने कळले आहे. नाव बदलले म्हणून गावात माणूस ओळखू येत नाही असे होत नाही. घराची जागा, मुलांची संख्या, आजार, व्यवसाय, हे सगळे हलवावे लागते, आणि दोन-तीन माणसांचे मिळून एक पात्र करावे लागते. असे केल्याने कादंबरीचे नुकसान होत नाही, उलट हात मोकळा होतो. माझ्या पहिल्या पुस्तकात मी एका नातेवाइकाच्या घरातला तुळशीवृंदावनाचा वाद जसाच्या तसा घेतला. पुस्तकाच्या प्रती किती खपल्या हे त्या घराने कधी विचारले नाही, पण हळदीकुंकवाचे बोलावणे सात वर्षे आले नाही.

काळाचे तपशील मात्र हलवू नयेत. मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. आपल्या चौदाव्या पानावर त्याच वर्षीच्या चतुर्थीला मुलगा रेल्वेने गावी येतो. कोकण रेल्वे पूर्णपणे धावू लागली ती १९९८ च्या जानेवारीत, तेव्हा त्याला एसटीत बसवावे लागेल. त्याउलट एक सुंदर संधी आपण सोडली आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, पण पुढची कितीतरी वर्षे लोक पाकिटावर ‘जि. रत्नागिरी’च लिहीत असतील, आणि ते कोणी कोणी लिहिले हे आपल्याइतके कोणाला आठवणार? रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. अशा जुन्या वाचनालयांत जाऊन त्या काळची वृत्तपत्रे मिळतात का ते पाहावे. आणखी एक गमतीची अडचण आहे. आपला नायक ‘मी ईडीत होतो’ असे म्हणतो. आपल्या खात्यात त्याचा अर्थ एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे ग्रामीण डाक सेवकाचे जुने नाव, पण आजचा तरुण वाचक ते वाक्य वाचून भलतीकडेच जाईल. पहिल्यांदा हा शब्द येतो तिथेच संवादातून तो उलगडावा.

मालवणीविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहिते, कारण आपले संवाद हे या हस्तलिखिताचे बळ आहे आणि गोंधळही तिथेच आहे. एकाच पानावर ‘म्हयनो’ आणि ‘म्हैनो’, ‘खंय’ आणि ‘खय’ असे दोन्ही आले आहे. प्रमाण मराठीसाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे शुद्धलेखनाचे नियम हाताशी असतात, बोलीसाठी तसे काही नसते. म्हणून लेखकाने आपल्या पुस्तकापुरते नियम करावेत. एका वहीत मालवणी शब्द ज्या रूपात वापरायचे ठरवले ते उतरवून काढावेत आणि मुद्रितशोधकाला ती वही द्यावी. नाहीतर तो आपल्या परीने ‘शुद्ध’ करत जातो, आणि ‘पुढल्या म्हयन्यात येतली’ याचे ‘पुढच्या महिन्यात येईल’ होऊन म्हातारी एकदम पुण्याची वाटू लागते. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ही आपली योजना योग्य आहे. कंसात अर्थ देण्याचा मोह टाळावा. “माका दिसना नाय, तू वाच” असे म्हणून म्हातारी कागद पुढे करते, तेव्हा विदर्भातल्या वाचकालाही कोश लागत नाही.

दुरुस्त झालेला मजकूर वाचायला कोणाला द्यावा? मुलाला आणि भजनातल्या सोबत्यांना नको, ते कौतुकच करतील. त्या काळात मनीऑर्डरीवर घर चालवलेली एक बाई, मराठीचे एखादे कडक शिक्षक आणि कोकणाशी संबंध नसलेला एक वाचक, असे तिघे पुरेत. ‘आवडली का’ असे न विचारता ‘कुठे न वाचता पाने उलटलीत’ असे विचारावे. तिघांनी एकाच ठिकाणी पाने उलटली असतील, तर तिथे कात्री लावावी. एखादे प्रकरण स्वतंत्र कथेसारखे करून दिवाळी अंकांकडे पाठवून पाहावे. बहुतेक अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, तेव्हा जूनच्या सुमारास ते पोहोचलेले बरे. कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ पासून या किनाऱ्यावर काम करते आहे. तिच्या शाखांच्या बैठकींत वाचन करण्याची संधी मिळाली तर घ्यावी. मोठ्याने वाचताना जिथे आपलीच जीभ अडखळते ते वाक्य बहुधा वाईट असते.

टंकलेखनासाठी भाचा मोबाइलवर बोलून टाइप करून देणार आहे, हे चांगले आहे. निवेदनाला ती सोय उत्तम चालते, मालवणीला अजिबात चालत नाही. ‘खंय’ चे ‘काय’ आणि ‘माका’ चे ‘माझा’ होते, आणि वाक्याला अर्थ राहत असल्यामुळे नंतर चूक सापडतही नाही. संवाद हाताने टाइप करून घ्यावेत. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर तसाच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, असावा, असा आग्रह धरावा. अनेक छापखाने अजून जुन्या फॉन्टमध्ये जुळणी करतात. तो मजकूर पुढे ई-पुस्तकासाठी बदलायला घेतला की रफार आणि जोडाक्षरे विस्कटतात, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतला अर्धा र तर हमखास तुटतो. छपाईची अंतिम फाइल आणि युनिकोड मजकूर दोन्ही आपल्या ताब्यात मिळतील, हे आधी लिहून घ्यावे. मूळ वह्या कोणालाही देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी.

डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात एका पानावर सुमारे दोनशे ऐंशी शब्द बसतात. साठ हजार शब्दांची दोनशे चौदा-पंधरा पाने होतील, आणि शीर्षक, श्रेयपान, अर्पणपत्रिका, मनोगत धरून दोनशे चोवीस. फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडला जाणारा ताव, सोळा पानांचा असतो, म्हणजे नेमके चौदा फॉर्मे. पाने दोनशे सव्वीस झाली, तर त्या दोन पानांसाठी आणखी अर्ध्या फॉर्म्याचा खर्च पडतो आणि शेवटी कोरी पाने राहतात, तेव्हा मनोगत आटोपते ठेवावे. तीन मान्यवरांच्या प्रस्तावना घेण्याची गरज नाही. त्या कोणी वाचत नाही, आणि त्यांची वाट पाहण्यात वर्ष मात्र जाते.

प्रती किती छापाव्यात याबाबत माझा अनुभव सांगते. ऑफसेट छपाईत पानांच्या प्लेट एकदाच कराव्या लागत असल्यामुळे प्रती वाढल्या की दर प्रतीचा खर्च उतरतो. त्या मोहात पडून मी पाचशे प्रती छापल्या. दीडशे गेल्या, उरलेले गठ्ठे घरातल्या माळ्यावर ठेवले. पहिल्या पावसाळ्यात मुखपृष्ठे बाहेरच्या बाजूने वळली, कारण लॅमिनेशन एकाच बाजूला असते आणि आतला कोरा पुठ्ठा दमट हवेतले पाणी पितो. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीकडच्या गठ्ठ्यांना वाळवी लागली. दोनशेहून अधिक प्रती मी स्वतः परसात जाळल्या. आपण प्लेटशिवाय होणाऱ्या डिजिटल छपाईवर शंभर प्रतींपासून सुरुवात करावी. दर प्रतीचा खर्च अधिक पडेल, पण एकूण रक्कम आवाक्यात राहील, चुका दुरुस्त करता येतील आणि मागणी आली की आणखी पन्नास काढता येतील. छपाई पावसाळ्याआधी किंवा दिवाळीनंतर करावी आणि प्रती लोखंडी कपाटात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीपासून दूर ठेवाव्यात. कागद सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, घ्यावा. पांढऱ्याशुभ्र कागदावर आपल्या वयाच्या वाचकांचे डोळे थकतात.

खर्च करण्याआधी आणखी एक दार ठोठवावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिथे हस्तलिखिताची छाननी होते आणि वेळ लागतो. तोवर आपली दुरुस्ती होऊन जाईल, म्हणून अर्जाचे वेळापत्रक आताच पाहून ठेवावे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनासाठी वेगळे गट असतात, आणि त्यासाठीही प्रकाशनानंतर प्रती पाठवता येतात.

पुस्तक निघाल्यावर आपणच प्रकाशक असाल, तेव्हा १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत तीस दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते. शंभरातल्या चार प्रती त्यासाठी बाजूला काढाव्यात. विक्रीसाठी दुकानांवर भिस्त ठेवू नये. आपला वाचक चतुर्थीला आणि मे महिन्यात गावी येणारा चाकरमानी आहे, आणि त्याहून अधिक त्याची मुंबईत, ठाण्यात, विरारला वाढलेली मुले आहेत, ज्यांनी आजीच्या घरच्या मनीऑर्डरीच्या गोष्टी अर्धवट ऐकल्या आहेत. त्यांच्या ग्राममंडळांच्या बैठका होतात, तिथे जावे. ग्रंथालयांना पत्रे लिहावीत. टपालाचे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक, तरी आपल्या निवृत्तीच्या सुमाराची म्हणून आठवण करते: १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट सेवेत तीनशे ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला वीस रुपये आणि वर कर असा दर ठरला. आपल्या पुस्तकाचे वजन पाकिटासह त्याच्या आत बसवता आले, तर बाहेरगावच्या वाचकाला पाठवणे परवडेल, म्हणून कागद ठरवतानाच एक नमुना प्रत काट्यावर ठेवून पाहावी.

किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः चढवता येते, त्यासाठी आयएसबीएनही लागत नाही. युनिकोड फाइल हाती असली तर भाचा दोन संध्याकाळींत ते करील. परदेशी गेलेल्या नातवंडांसाठी ते ठेवावे, त्यातून फार मिळकत धरू नये.

संस्थेला मुदतीआधी दोन ओळींचे नकाराचे पत्र पाठवावे. कारण देण्याची गरज नाही. मग आधी बांधावरच्या वळशाचे प्रकरण लिहायला घ्यावे. ते म्हातारीच्या पायरीपासून सुरू करून पोस्टमन तिच्या दारासमोर पुन्हा जातो तिथपर्यंत आणावे. तो पुन्हा गेला की नाही, हे आपण पत्रात लिहिलेले नाही, आणि मला ते जाणून घ्यायचे आहे.